पुढची पावलं, मागची पावलं

साल दोन हजार सेहेचाळीस. रंकाळ्याभोवतीची फरशी त्या वर्षी यंत्रं झाडू लागली, बिंदू चौकाजवळची शेवटची झेरॉक्सची टपरी बंद झाली आणि टाकाळ्याच्या चढावरचा मगदुमांचा बंगला विकायला निघाला. तिसऱ्या बातमीची चर्चा पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त झाली. कोल्हापूर खूप वाढलं होतं, पण कुणाचं घर विकायला निघावं आणि ते भाजीवालीला कळू नये, इतकं काही मोठं झालं नव्हतं.

बंगला ऐसपैस. सागवानी दारं, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, मागच्या अंगणात दोन चिकू आणि गच्चीवरून थेट जोतिबाचा डोंगर. शहराच्या मध्यात अशी घरं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. श्रीकांत मगदुमांची शिरोलीत फौंड्री होती. वय शहात्तर झालं तरी रोज तासभर तिथं जाऊन ओतकाम बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पण वर्षभरापासून ते लंगडत होते. गुडघे गेले, आता जिने झेपत नाहीत, असं म्हणायचे. पुण्याला अभिनंदनच्या, म्हणजे मुलाच्या, घराजवळ बत्तिसाव्या मजल्यावर एक उंची फ्लॅट त्यांनी बघून ठेवला होता. खाली दवाखाना, वर बाग, सगळं एकाच इमारतीत.

पद्मजाबाईंना जायचं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं ज्या घरात काढली त्याचा उंबरा आता कशाला ओलांडायचा, असं त्यांना वाटे. पण नवऱ्याचं लंगडणं बघवत नव्हतं, म्हणून त्या हो म्हणाल्या होत्या. घर कुणामार्फत विकायचं हे ठरवण्याचं काम श्रीकांतरावांनी त्यांच्यावरच सोपवलं.

"तुला माणसं कळतात," ते म्हणाले. "मला लोखंड कळतं."

पद्मजाबाईंना माणसं कळायची आणि आठवायचीही. महाद्वार रोडवर कोणतं दुकान आधी कुणाचं होतं, एसटीडी बूथवर बसणारी पोरगी पुढं कुणाच्या घरात पडली, केबलवाल्याला कोणत्या दिवाळीत पैसे जास्त गेले, सगळं त्यांना पाठ. घराचा विषय निघाला की त्यांना बाबूराव साळोखे आठवत. एकोणीसशे नव्याण्णव साली बाबूराव लुनावरून यायचे. खिशाला पेन, हँडलला किल्ल्यांचा जुडगा. तेव्हा त्यांना कुणी एजंट म्हणत नसे, दलालच म्हणत. तरुण जोडप्याला त्यांनी दुधाळीकडची एक जागा दाखवली. चौरस, स्वस्त, रस्त्याला लागून. श्रीकांतरावांना ती तिथंच पसंत पडली. तेव्हा बाबूराव लुनाचा स्टँड लावत म्हणाले होते, "वहिनी, तुमी मागितली म्हणून जागा दावली. पर मी ही देणार न्हाई. पंचगंगा फुगली की हितं म्हशी पवत्यात."

आणि ते त्यांना टाकाळ्याच्या चढावर घेऊन आले. पुढं दोन हजार पाचला आणि एकोणीसला खाली पाणी चढलं, तेव्हा याच व्हरांड्यात पाच-पाच नातेवाइकांचे संसार मावले होते. म्हणून पद्मजाबाईंच्या लेखी चांगल्या एजंटची पारख एकच होती, त्याला नाही म्हणता येतं का. येईल त्या प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारणार होत्या, हे घर कुणाला विकू नये?

पहिला आला आदिनाथ, चुलत दिरांचा मुलगा. तो जमिनींचे व्यवहार करायचा, आणि घरच्याच माणसाला काम मिळणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. प्रश्नावर तो हसून म्हणाला, "भावकीत नको, काकू. भांडणं होतात." त्याला शेंगदाण्याची चिक्की खायला घालून त्यांनी निरोप दिला.

दुसरा विहान खर्डेकर. एका मोठ्या कंपनीच्या नव्या शाखेचा प्रमुख. तिशीतला, देखणा आणि अदबशीर. त्यानं बूट बाहेर काढले, वाकून नमस्कार केला आणि पहिल्यांदा पाऊलपट मागितला.

पाऊलपट म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. कोयनेचे धक्के या भागाला नवे नाहीत. त्यामुळं मोठ्या घरांच्या फरशीखाली केसाएवढा बारीक काचेचा तंतू पसरायची पद्धत दहाएक वर्षांपूर्वी सुरू झाली. तंतूच्या एका टोकातून प्रकाश सोडायचा. फरशीवर कुठंही भार पडला की तंतू तिथं किंचित दबतो, आणि त्या जागेवरून थोडा प्रकाश माघारी फिरतो. किती वेळानं फिरला यावरून जागा कळते, किती फिरला यावरून भार. स्लॅबला तडा जाणार असेल तर आधीच समजावं, एवढाच मूळ हेतू. श्रीकांतरावांना यंत्रांची हौस, म्हणून फरशी बदलताना त्यांनी घरभर तो तंतू घालून घेतला.

पण स्लॅबचा भार मोजणाऱ्याला पावलाचाही भार कळतो. आपल्याकडं घरात सगळे अनवाणी, त्यामुळं टाच आणि चवडा वेगवेगळे उमटतात. प्रत्येकाची चाल त्याच्या सहीसारखी वेगळी असते. काही महिन्यांत फरशी घरातल्या माणसांना ओळखू लागते, कुणाचं नावही न विचारता. आणि घर विकताना हाच इतिहास सोन्याचा भाव खाऊ लागला. घेणाऱ्याला आता नुसत्या खोल्या नको होत्या. त्या घरात माणसं कुठं रमतात, कोणत्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही, हे त्याला आधी बघायचं असे.

विहानच्या यंत्रानं पद्मजाबाईंच्या संमतीनं पाऊलपट वाचला आणि दोन दिवसांत एक सुरेख जाहिरात तयार केली. तिच्यात एक वाक्य होतं, 'सायंकाळनंतर गजबजणारं स्वयंपाकघर, मेजवान्यांसाठी आदर्श.'

पद्मजाबाईंना हसू आवरेना. "अरे, आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. अंधार पडल्यावर या स्वयंपाकघरात चहासुद्धा होत नाही."

विहाननं पुन्हा तपासलं. "पण जातंय कुणीतरी, काकू. गेल्या वर्षभरात जवळजवळ रोज, दिवेलागणीनंतर." आणि त्यांच्या प्रश्नावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, की योग्य किंमत देणाऱ्या कुणालाही घर विकावं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला धरलं. "लग्नाला एकावन्न वर्षं झाली आणि आता चोरून खायला लागलात?"

श्रीकांतरावांनी मान खाली घातली. म्हणाले, "एखादा लाडू खातो गं कधी. वय झालं की जीभ सुटते." व्रत मोडल्याबद्दल पद्मजाबाईंनी त्यांना चार शब्द सुनावले आणि लाडवांचा डबा उंच फळीवर ठेवून दिला. गुडघे दुखणारा माणूस तिथवर चढणार नाही, असा त्यांचा हिशेब.

तिसरी आली यास्मिन शिकलगार. पन्हाळ्याच्या वाटेवरचे सगळे उंची बंगले तिच्याच हातून गेलेले. ताराबाई पार्कात काचेचं ऑफिस, अंगावर कडक इस्त्रीची इरकल साडी, हातात भारी घड्याळ. आपल्या कामाचा तिला अभिमान होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. ती आली तेव्हा उन्हं कलत होती. पद्मजाबाईंनी तिला बसूच दिलं नाही, थेट जेवणाच्या टेबलाशी नेलं.

"घराचं नंतर बोलू. आधी दोन घास खाऊन घे. सूर्य मावळला की आमचं दुकान बंद."

तिनं ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ आवडीनं खाल्ली. पद्मजाबाईंनी एकेक भांडं झाकलं, ओटा पुसला, ताटं विसळून मांडली आणि स्वयंपाकघराचा दिवा मालवला. यास्मिन हे सगळं बघत होती. मग व्हरांड्यात नवऱ्याच्या चोरट्या लाडवांची तक्रार झाली आणि बाबूरावांची, लुनाची, दुधाळीच्या जागेची गोष्ट झाली. यास्मिननं ती पूर्ण ऐकून घेतली. एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही.

"आता सांग," पद्मजाबाई म्हणाल्या. "हे घर कुणाला विकू नये?"

"आत्ता नाही सांगता येणार, काकू. आधी मी घर वाचते. यंत्राला वाचायला लावतं सगळं जग, मी स्वतः वाचते."

काम तिलाच द्यायचं हे पद्मजाबाईंनी तिथंच ठरवून टाकलं.

आठवड्याभरात बेंगळुरूचं एक कुटुंब घराच्या प्रेमात पडल्याचं यास्मिननं फोनवर कळवलं. फोटो बघूनच ते तयार झाले होते. श्रीकांतरावांनी पुण्याच्या फ्लॅटवाल्याला होकार कळवायची तयारी केली. मग तीन-चार दिवस यास्मिनचा फोन आला नाही. आणि एका दुपारी, श्रीकांतराव फौंड्रीत असताना, ती न कळवता दारात उभी राहिली.

तिनं पाणी घेतलं, पण ग्लास हातातच धरून ठेवला.

"काकू, पाऊलपट वाचताना मला एक गोष्ट दिसली. ती विकण्याच्या कामाची नाही, तुमच्या घरातली आहे. मी ती काकांना सांगायची की तुम्हाला, यावर चार दिवस विचार केला. नको म्हणालात तर मी उठून जाईन आणि ती कुणालाही सांगणार नाही."

"माझ्या घरातली असेल तर मी ऐकायला नको?"

यास्मिननं रुमालासारखा घडीचा पडदा टेबलावर उलगडला. त्यावर घराचा नकाशा होता आणि नकाशावर पावलांचे ठिपके. तिनं आधीची वर्षं दाखवली. दिवस मावळला की स्वयंपाकघरातले ठिपके नळ बंद करावा तसे थांबायचे. एक दिवस चुकलेला नव्हता. मग गेलं वर्ष. जेवणं होऊन तासभर गेला, की झोपायच्या खोलीतून पावलं निघत, मधल्या दालनातून स्वयंपाकघरात जात, ओट्याशी थांबत. तिथं बराच वेळ काही हलायचं नाही. मग पावलं माघारी फिरत.

"ही लाडू खाणाऱ्याची चाल नाही," यास्मिन म्हणाली. "डब्याच्या फळीकडं ती जातच नाही. शेगडीशी जाते. जेवण झालंय हे विसरून कुणीतरी पुन्हा स्वयंपाकाला उभं राहतंय."

पद्मजाबाईंनी पडदा जवळ ओढला. "म्हणजे ह्यांचं डोकं... मला वाटलं नुसते गुडघेच."

"काकू, पावलं दोघांची आहेत. एक पुढं, एक पाच-सहा हात मागं. पुढचं थांबलं की मागचं थांबतं, पुढचं फिरलं की मागचं भिंतीशी सरकून वाट देतं." तिनं ग्लास खाली ठेवला. "पुढची पावलं हलकी आहेत."

फरशी पुसताना खुर्चीवरचं मूल जसं पाय वर घेतं, तसे पद्मजाबाईंनी आपले दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. त्यांना एकोणीसशे नव्याण्णवमधला लुनाचा रंग आठवत होता. काल संध्याकाळचं काही आठवत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "आणि गुडघे?"

यास्मिनच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. "काका एकटे असतात तेव्हा त्यांची चाल सरळ आहे. गच्चीवर तर दोन-दोन पायऱ्या चढतात. तुम्ही खोलीत आलात की लंगडायला लागतात. कधीकधी पाय चुकतो, उजव्याऐवजी डावा लंगडतो."

मग ती सगळं नीट बोलली. ती डॉक्टर नव्हती, पण पाऊलपटाच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाला चालीबद्दलचं थोडं वैद्यकशास्त्र शिकावं लागे. विसरण्याच्या आजारात नावं आधी जातात, काल-परवाच्या गोष्टी आधी जातात. पायांची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागात, फार खोल राहते आणि सगळ्यात शेवटी जाते. ओळखीच्या घरात माणूस वळणं विसरत नाही. न्हाणीघर किती पावलांवर, उंबरा केवढा, दिव्याचं बटण कुठं, हे हातापायांनाच ठाऊक असतं. आजार लांबवणारी औषधं आता होती, पण नव्या घरात गेलेली माणसं औषध घेऊनही लवकर हरवत. बत्तिसाव्या मजल्यावर पद्मजाबाईंना रोज सकाळी एक अनोळखी घर भेटणार होतं.

"तुम्ही विचारलं होतंत, हे घर कुणाला विकू नये," यास्मिन उठता उठता म्हणाली. "कुणालाच विकू नका. याचं गिऱ्हाईक घरातच आहे."

बेंगळुरूच्या लोकांचं काय, असं पद्मजाबाईंनी विचारलं. त्यांना पन्हाळ्याकडं काहीतरी दाखवीन, ती म्हणाली. पुढं कळलं ते असं, की ते लोक रागावून गेले, कायमचे. त्या वर्षातला तिचा सगळ्यात मोठा व्यवहार तो असणार होता आणि ऑफिसातल्या तिच्या भागीदारानं महिनाभर तिच्याशी अबोला धरला. पण हे तिनं स्वतः कधीच सांगितलं नाही.

श्रीकांतराव परत आले तेव्हा दारातच त्यांनी लंगडायला सुरुवात केली.

"राहू द्या," पद्मजाबाई म्हणाल्या. "गुडघे चांगले आहेत तुमचे."

ते जागच्या जागी उभे राहिले. टेबलावर यास्मिन मुद्दाम ठेवून गेलेला पडदा होता. त्यांनी तो बघितला आणि चष्मा काढून पुसत बसले. दुसरीकडं बघायला काहीतरी निमित्त हवं होतं.

"सांगायचं होतं गं," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. म्हटलं आधी दवाखान्याजवळ जाऊ. तुझ्यासाठी निघालोय म्हटलं असतं तर तू निघाली नसतीस."

"आणि व्रत मोडलं म्हणून कबूल केलंत. जन्मभर पाळलेलं."

"तेवढंच सुचलं."

"लाडवाला हातही लावला नाहीत?"

"नाही. बेसनाचे होते म्हणे."

पद्मजाबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी ठरवलं ते दोन गोष्टींत सांगितलं. पुण्याचा फ्लॅट नको, डॉक्टर इथंच बघायचा. आणि जेवणं झाली की दोन्ही ताटं विसळून ओट्यावर, शेगडीच्या पुढ्यात, पालथी घालून ठेवायची.

"मी आले की दिसतील. कळेल मला, जेवण झालंय."

"आणि तरी नाही कळलं तर?"

"तर तुम्ही सांगा. लपत छपत मागं येऊ नका. मी काय चोर आहे?"

त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवणं झाली. ताटं पालथी पडली.

पुढं काय झालं तेही सांगायला हवं. पद्मजाबाई त्या घरात नऊ वर्षं राहिल्या. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त. सुनेचं नाव गेलं, मग गल्लीचं, शेवटी बाबूराव साळोख्यांचंही. पण अंगणातल्या चिकूपर्यंत त्या अखेरपर्यंत एकट्या जाऊन येत, आणि वाटेतली उंच पायरी पायाला कधी लागली नाही. एका हिवाळी पहाटे झोपेतच त्या गेल्या. श्रीकांतराव त्यानंतर वर्षभर राहिले. फौंड्री त्यांनी कामगारांच्या सोसायटीला देऊन टाकली.

आदिनाथ अजूनही लग्नकार्यात भेटला की काकूनं काम परक्या माणसाला दिलं, हे सांगतो. विहाननं दोन वर्षांत कंपनी सोडली आणि यास्मिनच्या ऑफिसात आला. घराचा पाऊलपट आधी त्या घरात राहणाऱ्यांना वाचून दाखवायचा आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा, ही तिची पद्धत त्यानं जिथं-तिथं रेटली. आज कोल्हापुरात ती सगळेच पाळतात आणि ती कुणी सुरू केली हे बहुतेकांना ठाऊक नाही. यास्मिनच्या दारात मात्र गर्दी वाढली. जी बाई घर विकू नका म्हणते, तिच्याकडूनच घर घ्यावं, असं शहरानं आपापसात ठरवून टाकलं.

दोघंही गेल्यावर अभिनंदननं घर विकायला काढलं आणि किल्ली तिच्याच हातात दिली. गिऱ्हाईक आणण्याआधी तिनं शेवटचा एकदा मगदुमांचा पाऊलपट उलगडला. ती दुपार तिला सहज सापडली. तिच्या आधीच्या संध्याकाळीसुद्धा हलकी पावलं पुढं आणि जड पावलं पाच-सहा हात मागं होती. त्या दुपारनंतर जड पावलांचं लंगडणं थांबलं, ते थेट अखेरच्या वर्षी पुन्हा आलं. तेव्हा ते खरं होतं. आणि दिवेलागणीनंतर पावलं स्वयंपाकघराकडं निघतच राहिली, नऊ वर्षं. ओट्यापर्यंत जात, क्षणभर थांबत, माघारी येत. फक्त आता मागं-पुढं कुणी नव्हतं. दोघांची पावलं शेजारी शेजारी होती.

तिनं तो पाऊलपट पुसून टाकला आणि नव्या माणसांसाठी दार उघडलं.